जोडीने निघा, जोडीनेच पोहोचा

दरवर्षी 12 जानेवारीला सिंदखेडराजात माणसांचा पूर लोटतो. 1598 साली याच गावात, लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यात, जिजाऊंचा जन्म झाला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेले लोक जन्मस्थळी माथा टेकतात, फोटो काढतात आणि परतीची गाडी धरतात. रंगमहाल, काळाकोट, पुतळाबारव, मोती तलाव, चांदणी तलाव, नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरं, लखुजीरावांची समाधी हे सगळं पायी फिरता येईल इतक्या अंतरात आहे, तरी बहुतेकांचं पाहायचं राहून जातं. बाहेरच्यांचं सोडा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या दहावीच्या वर्गात जाऊन विचारा, पुतळाबारवेला ते नाव कशामुळे पडलं? किती हात वर होतात ते पाहा.

म्हणून जिल्ह्यातले शिक्षक, गणेश मंडळांचे आणि वाचनालयांचे कार्यकर्ते, पालक आणि तरुण मुलं-मुली यांच्यापुढे मी एक सूचना ठेवतो आहे. आपल्या गावांत ट्रेझर हंट घ्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आवाराच्या भिंतींआड होतो तो नको. गावाच्या रस्त्यांवर, पेठेत, बारवेपाशी, वेशीपाशी घ्या. आणि तो दोघांच्या जोडीने खेळा.

खेळ साधा आहे. प्रत्येक जोडीच्या हाती एक यादी द्यायची. त्यात दहा-बारा कोडी असतात. प्रत्येक कोड्याचं उत्तर गावातल्या एका जागी, एका वस्तूत किंवा एखाद्या जाणत्या माणसापाशी असतं. जोडीने तिथे पोहोचायचं, उत्तर लिहायचं, दोघांचा मिळून फोटो काढायचा आणि पुढच्या कोड्याकडे निघायचं. ठरल्या वेळेत सगळं उरकून जी जोडी आधी परत येईल ती जिंकली. परदेशातल्या शहरांत अशा शर्यती होत आल्या आहेत. अमेरिकेत 2001 पासून ‘द अमेझिंग रेस’ ही दूरचित्रवाणीवरची मालिकाही दोघा-दोघांच्या जोड्यांवरच उभी राहिली. आपल्याला त्यासाठी विमान लागत नाही, फारसा खर्चही येत नाही. वही, पेन, पाण्याची बाटली आणि पायांत बूट असले की पुरे.

अवघड गोष्ट निराळीच आहे. या खेळात भांडण होतं ते समोरच्या जोडीशी क्वचित, आपल्याच जोडीदाराशी हमखास. एकाचं डोकं झटकन चालतं, दुसऱ्याचे पाय. ज्याला उत्तर सुचतं तो यादी स्वतःच्याच मुठीत धरतो आणि दुसऱ्याला काही न सांगता पुढे पळतो. मागे राहिलेल्याला कुठे जायचं तेच ठाऊक नसतं. वाट चुकली की “तूच म्हणालास” सुरू होतं. जोडी जिंकली तरी एक जण शेखी मिरवतो, दुसरा मान खाली घालून उभा राहतो. शर्यत जोड्यांची असते, पण आतल्या आत ती दोघांमध्येच लागलेली असते. हुशार, चपळ माणसं हरतात ती बहुतेक इथे.

म्हणून आयोजकांनी एक नियम पहिल्याच ओळीत लिहावा. जोडीची वेळ धरायची ती मागून पोहोचणाऱ्याची. पुढे आलेला दहा मिनिटं आधी आला काय आणि अर्धा तास आधी आला काय, जोडीदार येईपर्यंत घड्याळ थांबत नाही. सायकलच्या अनेक सांघिक शर्यतींतही संघातल्या पहिल्याची वेळ धरत नाहीत, ठरलेल्या क्रमांकाच्या मागच्या स्वाराची धरतात. या एका नियमाने निम्मी भांडणं मिटतात. पुढच्याला मागे वळून पाहावंच लागतं, आणि मागच्यालाही आपण ओझं आहोत असं वाटत नाही, कारण त्याच्या पावलावरच दोघांचा निकाल ठरणार असतो.

असं सोबत्यावर अवलंबून असणं आपल्या मातीतल्या खेळांना नवीन नाही. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि सोबत्याने गुण मिळवला की पुन्हा आत येतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने वेळेवर खो दिला नाही, तर तो कितीही वेगाने धावला तरी समोरचा निसटतो. विदर्भातल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, शौकिनांना तर हे सांगायलाच नको. एक बैल तुफान आणि दुसरा संथ असला की जोडी तिरपी पळते.

यापेक्षा मोठं उदाहरण हवं असेल तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं घ्या. 2015 साली त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अंतर सुमारे 4800 किलोमीटर, मुदत 9 दिवसांची. दोघांच्या संघात आळीपाळीने सायकल चालवायची असते. एक रस्त्यावर असतो तेव्हा दुसऱ्याने झोप घ्यायची, खायचं आणि पुढच्या पाळीला तयार व्हायचं. अशा शर्यतीत भावापेक्षा आपण जास्त किलोमीटर मारले हे दाखवायला गेलं, तर दोघंही वाटेतच थकून बसतील. तिथे विश्रांती घेणं हेही संघासाठी केलेलं कामच असतं.

आता खेळणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

यादी हाती पडली की लगेच पळू नका. आधी पाच मिनिटं दोघांनी शेजारी बसून सगळी कोडी वाचा. कोणतं उत्तर कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज घ्या आणि एक वाट आखा. इतर जोड्या तोवर वेशीपार गेल्या असतील. जाऊ द्या. न वाचता पळालेली जोडी त्याच चौकात तीनदा येते.

कामं वाटून घ्या आणि अर्ध्या वाटेत बदला. एकाने यादी आणि वेळ सांभाळावी, दुसऱ्याने वाट विचारावी आणि खुणा पाहाव्यात. मधल्या टप्प्यावर अदलाबदल करा. यादी एकाच्याच हातात राहिली की दुसरा नुसता सोबत चालणारा उरतो, आणि त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी जोडीच्या उपयोगी पडत नाहीत.

मतभेद झाला तर दोघांनी थोडक्यात आपलं म्हणणं मांडावं, मग त्या वेळी ज्याच्या हाती यादी असेल त्याचं ऐकावं. निर्णय चुकला तर तो दोघांचा. “मी सांगितलं होतं” हे वाक्य घरीच ठेवून या. त्याने चुकलेली वाट सापडत नाही, उलट पुढच्या कोड्यावर जोडीदार तोंड उघडत नाही.

चाल हळू चालणाऱ्याची धरा. त्याला दम लागला तर थांबा, पाणी प्या. तब्येत बिघडली तर शर्यत तिथेच सोडा आणि आयोजकांना कळवा. सोबत्याला ओट्यावर बसवून एकट्याने कोडी सोडवणारा कितीही आधी आला तरी तो हरला, असं आयोजकांनी जाहीर करावं.

आयोजकांची जबाबदारी याहून मोठी आहे. जोड्या मित्र-मित्रांच्या पडू देऊ नका, चिठ्ठ्या टाकून पाडा. नववीतली मुलगी आणि तिच्या गल्लीतली आजी, गावचा मुलगा आणि नुकत्याच बदलून आलेल्या कर्मचाऱ्याचा मुलगा अशी जोडी पडली तर उत्तम. आजीचे पाय हळू असतील, पण बारवेवर पाणी भरायला कोण जायचं हे तिलाच ठाऊक असतं. शक्य तिथे कोडं दोन अर्ध्या चिठ्ठ्यांत तोडा, एक अर्धी एकाजवळ, दुसरी दुसऱ्याजवळ. दोघं बोलल्याशिवाय उत्तर निघूच नये.

कोडी गावाच्या इतिहासातून काढा. सिंदखेडराजात विचारा: पाण्याच्या मधोमध इमारत असलेला तलाव कोणता? कोणत्या कोटाच्या भिंती इतक्या जाड आहेत की पाहणारा थबकतो? जिजाऊ आणि शहाजीराजांच्या रंगपंचमीची आठवण लोक कोणत्या वास्तूशी जोडतात? 2024 मध्ये लखुजीरावांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या कामात जमिनीखालून शेषशायी विष्णूचं शिल्प निघालं. त्यावर एक कोडं हवंच. चारशे वर्षं माणसं ज्या जमिनीवरून चालत होती तिच्या पोटात काय दडलं आहे हे कळलं की मुलांची नजर बदलते.

लोणार गावात दैत्यसूदन मंदिर, लिंबी बारव, झोपलेल्या मारुतीचं मंदिर आणि धार अशी वाट आखता येईल. मेहकरात 1888 साली सापडलेली बालाजीची मूर्ती आणि टेकडीवरचा कंचनीचा महाल आहे. खामगावात चांदीची बाजारपेठ आहे. प्रत्येक यादीत निदान तीन कोडी अशी ठेवा की उत्तर मोबाइलवर मिळू नये, दारात बसलेल्या म्हाताऱ्याला किंवा दुकानदाराला नमस्कार करून विचारावं लागावं. जोडीला एकच फोन द्या, फोटोसाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी.

काही बाबतींत अजिबात सूट देऊ नका. वाहन नको, सगळं पायी. हमरस्ता ओलांडावा लागेल अशी वाट आखू नका. बारवेच्या काठावर आणि तलावाच्या भिंतीवर मोठं माणूस उभं करा आणि पायऱ्या उतरायला बंदी ठेवा. संरक्षित स्मारकावर चिठ्ठी चिकटवायची नाही, फटीत काही दडपायचं नाही; नाव कोरणं हा तर गुन्हाच आहे. चिठ्ठी बाहेर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हातात द्या. लोणारचं विवर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. तिथली झाडी आणि पक्षी शर्यतीसाठी नाहीत, म्हणून खेळ वर गावातच ठेवा. पुरातत्त्व खातं, नगर परिषद आणि पोलिस ठाणं यांना आधी लेखी कळवा. आपल्याकडचं ऊन पाहता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत संपवा. सिंदखेडराजात मात्र 12 जानेवारीच्या आगेमागे घेऊ नका, त्या गर्दीत मुलं हरवतील.

बक्षीस समारंभात एक प्रथा पाडा. प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन जोडीदाराला काय सापडलं तेवढंच सांगायचं. स्वतःबद्दल एक शब्द नाही. ही प्रथा आधीच जाहीर केली तर मुलं शर्यतीत सोबत्याकडे लक्ष देतात, कारण शेवटी त्याच्याबद्दल बोलायचं असतं.

असं मिळून खेळणं आपल्या जिल्ह्याला जमतं का, अशी शंका कुणी काढेल. 2018 च्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात दुसरा क्रमांक मिळवला, माण तालुक्यातल्या भांडवलीबरोबर विभागून. 45 दिवस ऐन उन्हाळ्यात लोकांनी कुदळ-फावडी चालवली. तिथे कुणी एकट्याने जास्त खणलं म्हणून गाव जिंकलं नाही. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलेली माणसंही एकाच चरावर उभी राहिल्याशिवाय अशी कामं होत नाहीत. जे मोठ्यांनी पाण्यासाठी केलं ते मुलांनी खेळातून शिकायला काय हरकत आहे?

आपण मुलांना पहिला नंबर आणायला शिकवतो. शेजारच्या बाकावरच्याला वही द्यायची की नाही हे शिकवायचं विसरतो. पुढे हीच मुलं कार्यालयात, शेतीच्या गटात, बचत गटात, संसारात कुणाच्या तरी जोडीने उभी राहतात आणि तिथेही सोबत्यालाच हरवू पाहतात. खेळात ही सवय मोडणं सोपं जातं, कारण हरण्या-जिंकण्याने तिथे कुणाचं नुकसान होत नाही.

तेव्हा या हिवाळ्यातला एक रविवार आत्ताच ठरवा. गावातल्या दोन शिक्षकांना आणि दोन जाणत्या म्हाताऱ्यांना बसवून बारा कोडी लिहून घ्या. दहा जोड्या पुरेशा आहेत. नियमांच्या कागदावर सर्वात वर एकच ओळ लिहा: वेळ मागच्याची धरली जाईल.