आयर्विन पुलाची पातळी तोंडपाठ आहे, पण घराचा विमा आहे का? नदीकाठी राहणाऱ्यांनी पॉलिसी घेताना काय बघायचं

जुलै-ऑगस्ट आला की सांगलीत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. कोल्हापूरकरांचा डोळा राजाराम बंधाऱ्यावर, तिथे 39 आणि 43. शाळेतल्या पोरालासुद्धा हे आकडे पाठ असतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, कृष्णा-पंचगंगेला पुन्हा महापूर आला. त्याच वेळी वाशिष्ठीने चिपळूण आणि सावित्रीने महाड बुडवलं. पाणी उतरल्यावर सगळीकडे दृश्य सारखंच होतं. फुगलेले पलंग, चिखलाने भरलेले फ्रिज आणि रस्त्यावर आणून टाकलेला संसार.

मग पंचनामा होतो आणि लोक मदतीची वाट बघतात.

सरकारी मदत किती मिळते?

2019 मध्ये राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात 10 हजार आणि शहरी भागात 15 हजार रुपये दिले होते. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 साठीच्या निकषांत पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली, तर 6,500 रुपये आहेत. घर पूर्ण पडलं, तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. राज्य सरकार कधीकधी यात भर घालतं.

ही मदत पहिले काही दिवस निभावण्यासाठी असते, घर पुन्हा उभं करण्यासाठी नाही. तळमजल्यावरच्या घराचं वायरिंग, प्लास्टर, दारं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांची बेरीज तुम्हीच करून बघा. मधला फरक एकतर बचतीतून जातो, नाहीतर सोनं गहाण ठेवून.

"असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो"

हे वाक्य घर विकणारा हमखास ऐकवतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पण याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची 99 वर्षं निवांत, असा होत नाही. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती सुमारे 18 टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच हिशोब सुमारे 56 टक्क्यांवर जातो, म्हणजे कर्ज फिटायच्या आत घरात पाणी येण्याचीच शक्यता जास्त.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपलं घर कोणत्या रेषेच्या आत आहे ते महापालिकेत किंवा नगरपालिकेत बघून घेणं. 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्यांना विचारा. भिंतीवरची खूण खोटं बोलत नाही.

"बँकेने विमा केलाय की!"

गृहकर्ज घेताना बँकेने कसलातरी विमा काढलेला असतो. तो कर्जदाराच्या जिवाचा असेल, तर पुरात त्याचा काही उपयोग नाही. घराचा असला तरी अनेकदा फक्त इमारतीचा असतो, आतल्या सामानाचा नाही. कर्जाची फाइल काढा आणि कशाचा विमा आहे ते वाचा.

मग घ्यायचं काय?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक संस्था इर्डाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणं हेही त्यात येतं.

रक्कम बाजारभावावर ठरत नाही. घर पुन्हा बांधायला किती लागेल, त्यावर ठरते. समजा कार्पेट एरिया 700 चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर 2,000 रुपये. विमा 14 लाखांचा. जागेची किंमत यात धरायची नाही, कारण जमीन वाहून जात नाही.

सामान आपोआप धरलं जातं, पण मर्यादेत. इमारतीच्या विम्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. वरच्या उदाहरणात 2 लाख 80 हजार. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

रक्कम कमी लावली म्हणून दावा कापत नाहीत. पूर्वी 20 लाखांच्या घराचा 10 लाखांचाच विमा असेल, तर 4 लाखांच्या नुकसानीला 2 लाखच मिळायचे. या पॉलिसीत अशी कपात नाही. मात्र विम्याच्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही आणि घराचं क्षेत्रफळ खरं सांगावं लागतं.

गाळ काढण्याचा खर्च मिळतो, पण थोडा. मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत. 3 लाखांच्या दाव्यावर 6 हजार.

काय बसत नाही? नदीने काठ कातरल्यामुळे जमीन खचली, तर ते नुकसान धरत नाहीत. अगदी काठावरच्या घरांनी हे आधी विचारून घ्यावं. गाडीचा विमा वेगळा, आणि त्यात नुसत्या थर्ड पार्टीवर पुराचे पैसे मिळत नाहीत. खाली दुकान आणि वर घर असेल, तर दुकानातल्या मालासाठी व्यवसायाची पॉलिसी लागते.

भाडेकरूंना फक्त सामानाचा विमा घेता येतो. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या घरात पाणी येणार नाही, पण मीटर रूम, लिफ्ट आणि पाण्याची मोटर खालीच असते. त्यासाठी सोसायटीची पॉलिसी आहे का, हे पुढच्या सभेत विचारा.

दावा अडकू नये म्हणून

आजच मोबाईल घेऊन घरभर फिरा आणि व्हिडिओ काढा. फ्रिज-टीव्हीचे मॉडेल नंबर, बिलं, पॉलिसीची प्रत हे सगळं गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पुरात कागद आधी भिजतात.

पाणी उतरल्यावर कंपनीला लगेच कळवा. साफसफाई करण्याआधी फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. सर्वेअर येईपर्यंत खराब वस्तू फेकू नका. वासामुळे फेकाव्याच लागल्या, तर कंपनीला लेखी कळवून, फोटो काढून मगच. पंचनाम्याची प्रतही घ्या.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. इर्डाचा तक्रार क्रमांक 155255 आहे.

आता राहिला प्रश्न घ्यायचा कधी. पाणी पायरीला लागल्यावर कोणती कंपनी विमा देईल? धरणातून विसर्ग सुरू झाल्याचा मेसेज येतो, तेव्हा आपण सामान माळ्यावर चढवतो. पॉलिसीचं काम त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच उरकलेलं बरं. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, 'एक्सेस' म्हणजे दाव्यातली तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती ते विचारा, आणि सही करण्याआधी पत्ता व क्षेत्रफळ तपासा.

विम्याने पूर थांबत नाही. पण पाणी उतरल्यावर संसार पुन्हा शून्यापासून सुरू करायचा की नाही, ते बरंचसं आत्ताच ठरतं.