पाण्यातून दिलेली हाक ऐकणार कोण? जलरोधक वॉकीटॉकी आणि छत्तीसगडमधील जलसुरक्षा

रायपूर : छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही, पण पाण्याची जोखीम आहे. धमतरी जिल्ह्यातील गंगरेल जलाशयावर पर्यटकांच्या नौका फिरतात, महानदीवर ठिकठिकाणी नावेने ये-जा होते आणि पावसाळ्यात इंद्रावतीचा पूर बस्तरमधील गावांचा संपर्क तोडतो. समुद्रावरील छोट्या होड्यांसाठी तयार झालेला जलरोधक हातातील बिनतारी संच या राज्याच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा ठरतो, तो त्यामुळेच. मात्र संच विकत घेतला की सुरक्षा साधली, हा समज धोक्याचा आहे.

एप्रिल २०२४ मध्ये ओडिशातील झारसुगुडा जिल्ह्यात महानदीत नाव उलटली. नावेत सुमारे ५० प्रवासी होते आणि त्यांतील बहुसंख्य छत्तीसगडच्या खरसिया भागातील होते. महिला व बालकांसह अनेकांना प्राण गमवावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव बुडून मिरची तोडणीसाठी निघालेल्या शेतमजूर महिला दगावल्या. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस बस्तर विभागात पूर आला, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर वापरावे लागले. नाव उलटल्यावर खिशातील मोबाइल बहुधा निकामी होतो आणि दुर्गम भागात त्याला मुळातच संपर्कक्षेत्र मिळत नाही. बिनतारी संचाची उपयुक्तता येथे सुरू होते.

सागरी संच १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हातातील संचाची शक्ती साधारणतः ५ ते ६ वॉट असते, तर जहाजावरील स्थिर संचाची २५ वॉट. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे जलाशयाच्या खुल्या पृष्ठभागावर संभाषण काही किलोमीटरपर्यंत पोहोचते. नदीच्या वळणावर किंवा डोंगराआड ते लवकर तुटते. उंचावर बसवलेला अँटेना किंवा पुनर्प्रक्षेपण केंद्र असल्याशिवाय हा अडथळा दूर होत नाही.

त्याहून मोठा प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. समुद्रात १६ क्रमांकाच्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, ‘मेडे’ हा संकटसंदेश दिल्यास जवळची जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे तो टिपतात. भूवेष्टित राज्यात तशी व्यवस्था नसते. किनारी राज्यांमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. नद्या आणि जलाशय तिच्या कक्षेत येत नाहीत. नावाड्याच्या हातातील संच जिल्हा नियंत्रण कक्ष, घाटावरील चौकी किंवा बचाव पथकाशी जोडलेला नसेल, तर त्याची हाक हवेतच विरेल.

कायद्याची बाजूही स्पष्ट हवी. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या संचांना २०१८च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. इतर पट्ट्यांसाठी मंजुरी लागते. ई-व्यापार मंचांवरील बेकायदा वॉकीटॉकी विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला संच पोलिस वा अन्य सेवांच्या संदेशवहनात व्यत्यय आणू शकतो.

संच योग्य असला, तरी त्याची निगा निर्णायक ठरते. ‘आयपीएक्स ७’ या मानांकनाचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे तग धरणे, एवढाच आहे. प्रत्येक जलरोधक संच तरंगतोच असे नाही. म्हणून तो दोरीने जॅकेटला बांधलेला असावा. नदीतील गाळ बटणांत आणि ध्वनिक्षेपकाच्या जाळीत अडकतो. वापरानंतर झाकणे घट्ट आहेत याची खात्री करून संच स्वच्छ पाण्याने धुवावा आणि कोरडा झाल्यावरच चार्ज करावा. रबरी सील कडक झाले वा त्याला चीर गेली, तर जलरोधकता संपते. दुरुस्तीसाठी उघडलेला संच पुन्हा तपासल्याशिवाय पाण्यावर नेऊ नये. रायपूरच्या उन्हाळ्यात बंद वाहनात ठेवलेल्या लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. दीर्घकाळ न वापरता ठेवायची असल्यास ती साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवणे हिताचे. मात्र कामावर निघताना ती पूर्ण भरलेली हवी.

वापराची शिस्तही सोपी आहे. अँटेना उभा धरावा, बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे. आधी ठिकाण, मग माणसांची संख्या आणि धोक्याचे स्वरूप सांगावे. बोलताना बॅटरी सर्वाधिक खर्च होते, म्हणून संदेश थोडक्यात द्यावा.

अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ने १९१७चा जुना कायदा बदलला आणि यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या सुरक्षेचाही त्यात विचार केला. परंतु कायदा घाटापर्यंत पोहोचतो तो नोंदणी, प्रवासीमर्यादा आणि जॅकेट यांच्या रूपाने. बिनतारी संच त्यांची जागा घेऊ शकत नाही. तो त्यानंतरचा दुवा आहे. पावसाळ्याआधी किती संच खरेदी झाले, एवढ्यावर तयारी मोजता येणार नाही. किती संच चालू स्थितीत आहेत आणि त्यांवरून आलेली हाक ऐकायला रात्री दोन वाजता कोण बसले आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुरात अडकलेल्यांचे प्राण अवलंबून राहतील.