नाव भक्तीचे, सवाल जमिनीचा

२४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला मंजुरी दिली. तेव्हाच्या आराखड्यात लांबी ८०२ किलोमीटर आणि जिल्हे १२. नांदेड-लातूरही त्यात आले. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर जोडणार, म्हणून नाव ‘शक्तिपीठ’.

इथेच खरी मेख आहे. रस्त्याला देवीचे नाव दिले की जमीन वाचवू पाहणारा शेतकरी भक्तीच्या आड येणारा ठरतो. वास्तविक विरोध करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः भवानीचे भक्त आहेत. आणि आपले तरुण? “आपण बोललो तर भलताच अर्थ निघेल,” म्हणून गप्प.

‘महामार्ग’ हा शब्दही तपासा. लातूर–नांदेड रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१, हाही महामार्गच. पण त्यावर अष्टामोड आहे, शिरूर ताजबंद आहे. एसटी थांबते, मोटारसायकल चालते, टपरी आणि पंक्चरच्या दुकानावर घरे चालतात. शक्तिपीठ मात्र प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्ग. याच प्रकारच्या ‘समृद्धी’वर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला बंदी आहे. म्हणजे ज्याच्या शेतातून रस्ता जाणार, त्याचेच वाहन त्यावर चालणार नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेला भाविकही त्यावरून चालू शकणार नाही. मग हा भक्तिमार्ग कोणाचा?

सरकार म्हणते, १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येईल. वेळ वाचणे वाईट नाही. पण वाचणारा वेळ एकाचा आणि जाणारी जमीन दुसऱ्याची, हा हिशेब नावाखाली झाकू नका. कागदावर त्या शेतकऱ्याला ‘बाधित’ म्हणतात. कोरोनात रुग्णाला लावलेला तोच शब्द! जणू त्याला आपोआप काही झाले. झाले नाही, कोणीतरी केले. ‘जमीन काढून घेतलेला’ असे सरळ म्हणा.

मित्रांनो, मंजुरीत भूसंपादन व नियोजनासाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद आहे. त्यातून कोणाला काय मिळणार, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे. शेजाऱ्याच्या घरी मोजणीची नोटीस आली तर सोबत बसून वाचा, गट नंबर पाहा, मुदतीत लेखी हरकत द्यायला मदत करा. शेजारी कोणत्या धर्माचा, हे पाहू नका. सातबाऱ्यावर धर्माचा रकाना नसतो.