"आम्ही भिकारी नाही" या वाक्यावर मी सही करणार नाही

आमच्या बँडला अजून नाव नाही. चार जण आहोत. एक गिटार, एक बासरी, एक कॅहॉन (ज्याच्यावर बसतात आणि ज्यालाच बडवतात तो लाकडी खोका) आणि मेलोडिका घेऊन मी. चौघंही पाच दिवस कुठल्या ना कुठल्या कंपनीत स्क्रीनसमोर बसतो आणि रविवारी सकाळी धंतोलीत फुटपाथवर उभं राहून वाजवतो. ॲम्प्लिफायर नाही, माईक नाही. समोर गिटारची उघडी केस, तिच्या झाकणाला सेलोटेपने चिकटवलेला क्यूआर कोड. दीड तासात तीनेकशे रुपये जमतात, ते लगेच तर्री-पोह्यात जातात. आम्ही फार ग्रेट वाजवतो असा दावा नाही. मॉर्निंग वॉकवाले काका पहिल्या गाण्याला थांबतात आणि दुसऱ्याला निघतात, यावरून काय ते समजा.

तर या बँडने महापालिका आयुक्तांना द्यायला एक अर्ज लिहिलाय. रस्त्यावर वाजवायचा परवाना मिळावा म्हणून. पहिलंच वाक्य असं: "आम्ही सुशिक्षित, नोकरदार नागरिक असून भिकारी नाही." तीन सह्या झाल्या. चौथी माझी, ती मी केलेली नाही. ग्रुपवर चार दिवस भांडण चालू आहे, आणि तिथे चार ओळींच्या वर लिहिलं की कोणी वाचत नाही. म्हणून इथे.

हे वाक्य आलं कुठून, ते आधी सांगतो. सुरुवातीच्या एका रविवारी एक हवालदार आला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "अच्छे घरचे दिसून राहिले तुम्ही. मंग हे भीक मांगायचे धंदे काऊन करता?" गिटारवाल्याचा चेहरा पडला. त्याने खिशातून कंपनीचं आयकार्ड काढून दाखवलं. हवालदार हसला, म्हणाला, "किशोरचं एखादं येते का?" आलं. झालं. विषय संपला, पण मित्राच्या डोक्यातून तो शब्द गेला नाही.

तीन आठवड्यांनी आमच्यापासून पन्नास पावलांवर एक माणूस ढोलकी घेऊन आला. बरोबर बायको आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी. दोन कैच्या उभ्या केल्या, मधे दोरी ताणली. आमच्याकडे सहा माणसं उभी होती, त्यातली पाच तिकडे गेली. (ढोलकी चांगलीच वाजवत होता. आमच्या कॅहॉनपेक्षा तर नक्कीच.) तोच हवालदार आला. त्यांना म्हणाला, "चला, उचला सगळं, नाही तर गाडीत टाकीन." आमच्याकडे बघून हात केला, "तुमचं चालू द्या."

आता मला कोणीतरी सांगा, फरक काय होता? त्यांच्यापुढे कापड, आमच्यापुढे गिटारची केस. त्यांना नाणी, आम्हाला यूपीआय. क्यूआर कोड लावला की भीक उरत नाही, कला होते, असा काही नियम आहे का?

नियम आहे, पण तो भलताच आहे. मी शोधून वाचला. मूळचा मुंबई राज्याचा, १९५९ सालचा भीक प्रतिबंधक कायदा. त्यात "भीक मागणे" म्हणजे काय? सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा नुसते स्वीकारणं, मग ते गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकायला पुढे करणं अशा बहाण्याने असो वा नसो. "बहाणा" या शब्दावर जरा थांबा. कायद्याच्या नजरेत ढोलकी हा बहाणा आहे. बासरीही. याच व्याख्येत पुढे असंही आहे की जगण्याचं दिसेल असं साधन नसताना जो सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरतो किंवा थांबतो की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं, तोही भीकच मागतो. म्हणजे मागितलंच पाहिजे असंही नाही. तसं दिसलं की पुरे. पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येतं, कोर्टाने भिकारी ठरवलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं आणि पुन्हा पुन्हा सापडला तर मजल दहा वर्षांपर्यंत जाते. दहा वर्षं!

आपल्याला वाचवतं ते "दिसणारं साधन", म्हणजे गळ्यातला पट्टा. आम्ही पैसे स्वीकारतो, गाण्याच्या बदल्यात स्वीकारतो, सार्वजनिक जागी स्वीकारतो. व्याख्येत आम्ही शंभर टक्के बसतो, फक्त आमच्याकडे बघून तसं वाटत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा बग नाही, फीचर आहे. कोणाला उचलायचं आणि कोणाला किशोरचं गाणं म्हणायला सांगायचं, हे हवालदाराने एका नजरेत ठरवावं, यासाठीच ते कलम तसं लिहिलंय. दिल्लीला हाच कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला हर्ष मंदर यांच्या याचिकेत भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमं घटनाबाह्य ठरवली. पण ते दिल्लीपुरतं.

आणि आमचा अर्ज काय म्हणतो? कलम चुकलंय असं म्हणतो का? नाही. कलम बरोबर आहे, फक्त आम्ही त्यातले नाही, असं म्हणतो. याच व्याख्येत शेवटी एक फट ठेवलीय: ठरवून दिलेल्या पद्धतीने परवानगी मिळालेल्या कारणासाठी पैसे घेतले तर ती भीक नाही. आपण चौघांनी त्या फटीतून आत सरकायचं आणि मागे दार लावून घ्यायचं.

इथे ग्रुपवरचा पहिला आक्षेप: "अरे, त्या पोरीने शाळेत असायला पाहिजे, दोरीवर नाही." शंभर टक्के मान्य. पण गाडीत टाकल्याने ती शाळेत जात नाही. आणि मुलांना भिकेला लावणाऱ्यांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ७६ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यासाठी प्रत्येक गाणाऱ्याला भिकारी ठरवायची काही गरज नाही.

दुसरा आक्षेप धंतोलीकरांचा, आणि तो मला जास्त पटतो. धंतोलीत दर चार घरांमागे एक दवाखाना. पार्किंगचं भांडण तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. नियम सहा तर जणू आमच्यासाठीच लिहिलाय: शांतता क्षेत्रात संगीत वाजवणं, ढोल बडवणं, गर्दी जमेल असा गाण्याचा किंवा नकलांचा खेळ करणं, सगळ्याला दंड. सलाइन लावून पडलेल्या माणसाला माझी मेलोडिका ऐकायला लागू नये, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आम्ही जागा बदलली ती याच कारणाने, दवाखान्यांपासून लांब. पण हा नियम आवाज मोजतो, अंतर मोजतो. आयकार्ड आहे का, ते विचारत नाही. मला, ढोलकीवाल्याला आणि वरातीतल्या डीजेला तो सारखाच लागू आहे. (डीजेला तो लागू होताना मी अजून पाहिलेला नाही, पण तो वेगळा लेख.) असा नियम हजारदा चालेल.

मग येतात लंडनवाले. आपल्यातला प्रत्येक जण एकदा ऑनसाइट जाऊन येतो आणि ट्यूबमध्ये ऐकलेल्या व्हायोलिनबद्दल बोलतो. खरं आहे, तिथे २००३ पासून लायसन्स देऊन जागा आखून दिल्यात. पण त्याच लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या शेजारच्या ऑफिसवाल्यांनी रोज तीच तीच गाणी ऐकून वैतागल्याची केस केली, २०२५ च्या मार्चमध्ये जिंकली, आणि एप्रिलपासून कौन्सिलने तिथलं बस्किंग थांबवलं. भांडण तिथेही आहे. पण ते आवाजावरून आणि जागेवरून आहे.

आपल्याकडे रस्त्यावरचं गाणं दोनच प्रकारे चालतं. एक, मागे संस्था असली तर. मुंबईत २०१२ मध्ये अजित दयाळ यांनी नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स सुरू केलं, रेल्वेशी बोलून लोकलच्या स्टेशनांवर कलाकार आणले. चांगलंच काम. दोन, दुसऱ्यासाठी गायलं तर. सौरभ निंबकर हा मुलगा लोकलमध्ये गिटार वाजवून कॅन्सरच्या रुग्णांसाठी पैसे जमवायचा, अख्ख्या देशाने कौतुक केलं, आणि करायलाच हवं होतं. पण जो स्वतःच्या पोटासाठी गातो, त्याचं काय? पोट हे इतकं लाजिरवाणं कारण आहे का?

आणि हे कुठे? विदर्भात! ज्या विद्यापीठाची डिग्री आमच्यातल्या तिघांच्या भिंतीवर लटकलीय, त्याला तुकडोजी महाराजांचं नाव आहे, जे खंजिरी घेऊन गावोगाव भजनं गात फिरले. शेजारच्या अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, दिवसा गाव झाडायचं, भाकरी मागून खायची, रात्री कीर्तन. १९५९ च्या व्याख्येत बाबा डोळे मिटून बसतात. कायदा यायच्या तीन वर्षं आधी, १९५६ ला गेले म्हणून सुटले.

वासुदेव दारात आला की आजी सुपातून धान्य आणायची. तो "दान पावलं" म्हणायचा, देवांची नावं घेत. तिथे भिकारी कोणीच नव्हतं. एक गाणारा होता आणि एक देणारी होती. गोंधळी, बहुरूपी, नाथजोगी, डोंबारी, ही सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच फिरली. फिरणाऱ्याकडे संशयाने बघायचं आपण नंतर शिकलो, आणि भीक प्रतिबंधक कायद्याने त्या संशयाला शिक्का दिला. पुढचं सांगायला जड जातं, पण सांगतो. २०१२ च्या मे महिन्यात आपल्याच नागपुरात, कळमन्याला, बहुरूपी म्हणून फिरणाऱ्या तिघा नाथजोग्यांना लुटारू समजून जमावाने ठार मारलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून मारले गेले. त्या जमावांनी काही कायदा वाचलेला नव्हता. पण रस्त्यावर येणारा अनोळखी गरीब हा माणूस नसून संशयित आहे, हे सगळ्यांना पाठ होतं. आम्हाला जास्तीत जास्त "काऊन करता" असं विचारतात.

म्हणून ते वाक्य नको. ते वाक्य आमची सुटका करतं आणि ढोलकीवाल्याकडे बोट दाखवतं.

मग करायचं काय? परवाना हवाच असेल तर रस्ता आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा फक्त वस्तू विकणाऱ्यांचा नाही, रस्त्यावर लोकांना सेवा देणाराही त्यात धरलाय. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. सीताबर्डीच्या फुटपाथवर बेल्ट विकणारा जर हक्काने जागा मागू शकतो, तर गाणं ही सेवा नाही असं कोणी म्हणावं? कोर्टात टिकेल की नाही ते वकील सांगतील. पण मागायचं तर असं मागा.

मी अर्ज पुन्हा लिहिलाय. सुशिक्षित, नोकरदार, भिकारी, तिन्ही शब्द काढले. आता तो असा आहे: धंतोली व सीताबर्डी परिसरात रस्त्यावर गाऊन, वाजवून किंवा खेळ करून पैसे घेणाऱ्या सर्वांना शांतता क्षेत्राबाहेर ठरावीक जागा आणि वेळा नोंदणी करून मिळाव्यात, ॲम्प्लिफायरला परवानगी नसावी, नोंदणीसाठी शिक्षण, नोकरी किंवा कायमचा पत्ता विचारू नये, आणि १९५९ च्या व्याख्येतून गाणं, नाच आणि खेळ हे शब्द काढण्याची शिफारस महापालिकेने राज्य सरकारकडे करावी.

कॅहॉनवाल्याने वाचल्या वाचल्या सही केली. गिटारवाला म्हणतो, असं मागितलं तर कोणालाच मिळणार नाही बे, आपल्यालाही नाही. बासरीवाल्याचा काल रात्री फोन आला. बाकी सगळं ठीक आहे, म्हणाला, फक्त ते कायमच्या पत्त्याचं काढ, त्याने उगाच घोळ होईल, मग मी सही करतो.

पत्त्याचं मी काढणार नाही. अर्ज बुधवारी द्यायचाय.