भाड्याचं मैदान

आपल्याकडे इमारत पुनर्विकासाला गेली की बिल्डर सांगतो, अठरा महिन्यांत चावी तुमच्या हातात. मग भांडीकुंडी खोक्यांत भरायची, कोपऱ्यावरच्या वाण्याचा निरोप घ्यायचा आणि लांबच्या उपनगरात भाड्याने जायचं. अठराचे तीस होतात. त्या दिवसांत घरातल्या बाईची काय तारांबळ उडते, हे या पुरवणीच्या वाचकांना वेगळं सांगायला नको!

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये बायकांच्या एका फुटबॉल क्लबवर नेमकी हीच वेळ आली. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा, तिकडे ज्याला सॉकर म्हणतात तो. बॉस्टन लेगसी हे क्लबचं नाव. (आधी दुसरं नाव होतं; त्याची आणि सोबतच्या एका आचरट जाहिरातीची इतकी छी-थू झाली की माफी मागून २०२५ मध्ये नवं बारसं करावं लागलं.) २०२३ मध्ये क्लबला राष्ट्रीय महिला लीगमध्ये जागा मिळाली, ती जेनिफर एपस्टाइन यांच्या पुढाकाराखाली एकत्र आलेल्या महिला मालकांच्या गटाला. फ्रँकलिन पार्कमधल्या जुन्या व्हाइट स्टेडियमची नव्याने उभारणी करून २०२६ मध्ये तिथेच पहिला सामना खेळायचा, असा बेत होता. काम रखडलं, मुदत २०२७ वर गेली. पहिल्या मोसमासाठी बिऱ्हाड थाटलं ते शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या फॉक्सबरोत, गिलेट स्टेडियममध्ये. तिथे पुरुषांचा विश्वचषक येणार म्हणून काही सामने आणखी दुसरीकडे, शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेटला. म्हणजे भाड्याच्या घरात पाहुणे आले आणि भाडेकरूने काही दिवस मावशीकडे राहायचं!

अकरा हजारांचं मैदान हवं असलेल्या क्लबने सुमारे पासष्ट हजारांच्या स्टेडियममध्ये खेळायचं, म्हणजे चांगली गर्दी झाली तरी खुर्च्या रिकाम्याच दिसणार. आणि ज्या मुलींनी लोकलने दहा मिनिटांत येऊन हा खेळ बघावा अशी कल्पना होती, त्यांना गाडी असलेला बाबा किंवा काका शोधावा लागणार.

यात नवीन काही नाही, हेच खरं दुखणं. इंग्लंडमध्ये १९२० च्या डिसेंबरात डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला गुडिसन पार्कवर ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेने फर्मान काढलं की सदस्य क्लबांनी आपली मैदानं बायकांना द्यायची नाहीत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. खेळण्यावरच थेट बंदी घातली नाही हं! फक्त जागा काढून घेतली. बॉस्टनच्याच आधीच्या महिला संघाचा, ब्रेकर्सचा, पत्ता कधी हार्वर्ड विद्यापीठाचं मैदान, तर कधी समरव्हिलचं डिलबॉय स्टेडियम. २०१८ च्या सुरुवातीला तो संघ बंदच पडला. उलट कॅन्सस सिटीचा संघ सुरुवातीला बेसबॉलच्या मैदानावर दिवस काढत होता. २०२४ मध्ये त्याने मिसुरी नदीकाठी साडेअकरा हजार आसनांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. व्यावसायिक महिला संघासाठीच बांधलेलं हे जगातलं पहिलं, असं म्हणतात.

म्हणून बॉस्टनच्या क्लबला हक्काचं घर हवं, यात मला तरी शंका नाही. पण घर कोणाच्या अंगणात?

व्हाइट स्टेडियम १९४९ चं, आणि ते शहरातल्या सरकारी शाळांच्या मुलांचं. आजूबाजूला रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, मॅटापॅन या कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वस्त्या. पार्कची आखणी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवणाऱ्या ओल्मस्टेडची. स्टेडियमकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं होतं, ते नीट व्हायला हवं होतं, हे सगळ्यांनाच मान्य. वाद होता तो खासगी क्लबला भागीदार करून घेण्याचा. २०२४ च्या फेब्रुवारीत काही रहिवासी आणि पार्कसाठी काम करणारी एक संस्था कोर्टात गेली. सार्वजनिक जागा आमची, सामन्यांच्या दिवशी ती कुंपणाआड जाणार, शाळेच्या मुलांचं काय, ही त्यांची तक्रार. शहराचं म्हणणं, क्लबचे दिवस मोजके, बाकी वर्षभर मुलांनाच मैदान. २०२५ च्या एप्रिलमध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला, त्यावर अपील झालं. मधल्या काळात शहराच्या वाट्याचा खर्च पाच कोटी डॉलरवरून २०२४ च्या अखेरीस नऊ कोटींच्या वर गेला, आणि तिथेही थांबला नाही.

गंमत बघा, महापौर मिशेल वू ही बाई, क्लबच्या मालकीणबाई आणि विरोधात कोर्टात गेलेल्या संस्थेच्या अध्यक्षही बाईच. त्यामुळे 'बायकांच्या खेळाला विरोध' हा शिक्का इथे चालत नाही. तो मारायचा मोह मात्र अनेकांना झाला. बायकांच्या प्रगतीचं नाव पुढे केलं की प्रश्न विचारणाऱ्याला मागासलेला ठरवता येतं. आपल्याकडे महिलांच्या नावाने निघणाऱ्या किती योजनांमध्ये हे पाहिलंय आपण. ज्या आईचा मुलगा त्या मैदानावर शाळेकडून धावतो, तिने 'माझ्या मुलाची जागा कुठे?' असं विचारलं तर ती बायकांची शत्रू कशी?

माझ्या मते उशिरासाठी विरोधकांना दोष देण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांशी बोलणी आधी आणि मोसमाची तारीख नंतर ठरायला हवी होती. इथे लीगमधली जागा आधी मिळाली आणि तारखेच्या दबावाखाली मैदान ठरलं. मुहूर्त काढून मग वर शोधायला निघावं, तसं झालं हे. भाड्याच्या घरात काढावा लागलेला मोसम ही त्या घाईची किंमत, आणि ती क्लबने मोजली हेच बरं झालं. शाळेच्या मुलांची मैदानाविना वर्षं जात आहेत, ती कोण मोजतंय?

नव्या मैदानाचं दार उघडेल तेव्हा लेगसीचा पहिला सामना मी टीव्हीवर नक्की बघणार आहे. पण मला खरी उत्सुकता आहे ती त्यानंतरच्या मंगळवारची. दुपारी शाळा सुटल्यावर डॉर्चेस्टरची मुलं-मुली बूट घेऊन फाटकाशी आली, तर कुलूप उघडायला तिथे कोणी असेल ना?