पंचावाचूनचे मैदान

अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ आपल्या शाळेच्या पटांगणावर आणू पाहणारा क्रीडाशिक्षक प्रथम साहित्याची चौकशी करतो, मग जागेची आणि अखेरीस पंचांची. पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल चटकन लागतो. १७५ ग्रॅम वजनाची एक चकती, प्रत्येक बाजूस ७ खेळाडू, आणि १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असे सपाट मैदान, ज्याच्या दोन्ही टोकांस १८ मीटरांचे पट्टे गुणक्षेत्र म्हणून आखलेले असतात, एवढ्या सामग्रीवर जागतिक स्पर्धासुद्धा पार पडतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र असे आहे की या खेळात पंच नसतो. आणि हे उत्तर ऐकून आमच्या व्यवसायबंधूंच्या मुद्रेवर जो अविश्वास उमटतो, त्याचीच दखल घेण्याचे येथे योजिले आहे.

खेळाचा पूर्वेतिहास विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या तरुणाने १९३८च्या सुमारास सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर ५ सेंटांचे केकचे पसरट भांडे २५ सेंटांस विकून या धंद्याचा श्रीगणेशा केला, आणि १९५७च्या जानेवारीत त्याच्या प्लास्टिकच्या चकतीचे हक्क व्हॅम-ओ कंपनीने घेतले. सांघिक खेळ मात्र जन्मास आला तो १९६८ साली, न्यू जर्सीतील मेपलवुड गावच्या कोलंबिया हायस्कुलात, आणि त्याचे जनक विद्यार्थी होते, शिक्षक नव्हेत, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावी. शाळेच्या वाहनतळावर रात्री दिव्यांच्या उजेडात खेळणाऱ्या त्या मुलांना शिट्टी घेऊन उभे राहणारे कोण भेटणार होते? पुढे सोयीचा तत्त्वात परिपाक झाला, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ साली या खेळाच्या जागतिक महासंघास पूर्ण मान्यता दिली ती या तत्त्वासकट.

आता थोडे फेकीविषयी, कारण थाळीफेकीच्या शिस्तीत तयार झालेला शिक्षक येथेच प्रथम अडखळतो. थाळीफेकीत सर्वांगाची गिरकी आणि खांद्याचा जोर यांस जे महत्त्व, ते येथे मनगटास आहे. बॅकहँड फेकीत अंगठा चकतीच्या पाठीवर, उरलेली बोटे कडेच्या आतल्या अंगास आवळलेली, फेकत्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे तिरपा टाकलेला, अशा पवित्र्यात चकती हातून सुटतेवेळी मनगटाचा जो झटका बसतो, त्यावर सारी मदार असते. हवेचा उचलणारा दाब चकतीच्या मध्यबिंदूवर न पडता बहुधा किंचित पुढे पडतो, आणि त्यायोगे तिचे तोंड वर होऊन ती उलटून पडावयाची. परंतु पुष्कळसे वजन कडेस साठविलेल्या त्या चकतीची गिरकी तीस तसे होऊ देत नाही, आणि तोंड वर करण्याऐवजी ती सावकाश एका अंगावर कलते. उजव्या हाताची बॅकहँड फेक वेग मंदावताच डावीकडे ढळते ती याच कारणाने, सबब मुलाच्या नेमास बोल लावण्यापूर्वी शिक्षकाने जरा थांबावे. नवशिका नेहमी जोर वाढवितो आणि गिरकी विसरतो. मग चकती थरथरत जाऊन चार पावलांवर आदळते. समोरचा वारा तीस वर उचलतो, पाठीमागचा खाली दाबतो, म्हणून आषाढातल्या वाऱ्यात पहिले धडे देण्याचा अट्टहास आम्हांस पसंत नाही. एवढे साधले की चकती हवेत रेंगाळू लागते, आणि ती रेंगाळते म्हणूनच तिच्याखाली चार-पाच खेळाडू जमून तंटा उद्भवण्यास अवसर मिळतो.

अशा तंट्याची वासलात कशी लागते ते पाहण्यासारखे आहे. समजा, मैदानाच्या मध्यावर एका मुलीने झेलासाठी उडी घेतली, प्रतिपक्षाच्या मुलीचा हात तिच्या मनगटावर आपटला आणि चकती खाली पडली. पहिली ‘फाउल’ असे पुकारते, खेळ तेथल्या तेथे थांबतो, आणि दोघी आपापली बाजू थोडक्यात मांडतात. दुसरीने कबुली दिली तर चकती पहिलीस मिळते. तिने हरकत घेतली तर ती मूळ फेकणारीकडे परत जाते, आणि जणू ती फेक झालीच नव्हती असे समजून खेळ पुढे चालू होतो. येथे फैसला असा होतच नाही. खरे कोणाचे हे ठरविण्याचा अधिकार मैदानावर कोणासही नसल्यामुळे नियमानेच वादाचा लाभ इतका अल्प ठेविला आहे की, खोटे बोलून मिळवावे असे फारसे उरत नाही. अगदीच उरत नाही असे मात्र नव्हे, कारण खोटा पुकारा करणाऱ्याच्या संघास गमावलेली चकती परत मिळतेच. याहून मौजेची तरतूद वेळेची आहे. चकती हाती असलेल्या खेळाडूस धावण्याची मुभा नाही, ती त्याने १० सेकंदांत फेकावयाची, आणि ते सेकंद मोठ्याने मोजावयाचे ते त्याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याने!

आक्षेपकांचे म्हणणे आम्ही जाणून आहोत. अमेरिकेतील व्यावसायिक लीगने पंच नेमले आहेत, आणि जागतिक स्पर्धांतही मोठ्या सामन्यांस सल्लागार उभे केले जातात. परंतु हे सल्लागार विचारल्यास मत सांगतात, निर्णय खेळाडूच करतात. आपल्याकडील उलटा प्रवासही विसरण्यासारखा नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधण्यास हात घातला, त्यानंतरच तो अंगणातला खेळ पंचांच्या देखरेखीखालील स्पर्धेचा विषय झाला, आणि ते योग्यच झाले. कारण अंगणात न्याय होत असे हा गोड समज आहे, तेथे बहुधा दांडग्या मुलाचा शब्द चाले. म्हणूनच पंच काढून घेणे म्हणजे मुलांना मोकळे सोडणे नव्हे. नियमांचे पुस्तक ज्या मुलास पाठ नाही, त्यास स्वतःचा पंच होता येत नाही, आणि ते पाठ करवून घेण्याचे कष्ट शिट्टी वाजविण्याहून पुष्कळ अधिक आहेत.

सामन्यानंतर दोन्ही संघ मिश्र कडे करून उभे राहतात, बोलतात, आणि मग एकमेकांस खिलाडूवृत्तीचे गुण देतात. नियमांचे ज्ञान, अंगलट व फाउल, निष्पक्षपात, आत्मसंयम आणि संवाद असे त्याचे पाच रकाने असून प्रत्येकी ० ते ४ गुण आहेत. यात २ म्हणजे सामान्य, चांगले वर्तन. तेव्हा १० गुण मिळविणाऱ्या संघाने लाज वाटून घेण्याचे कारण नाही, आणि पैकीच्या पैकी गुण वाटण्याची आमची परीक्षकी उदारता येथे केवळ नुकसान करते. हे पत्रक मुलांकडूनच भरून घ्यावे. शिक्षकाने त्यात खाडाखोड करू नये, रकान्यांची बेरीज तपासावी इतकेच.

आंतरशालेय स्पर्धेचे अंदाजपत्रक करणाऱ्यांस एक व्यवहाराची सूचना. ‘पंचांचे मानधन’ हा रकाना रद्द न करता ती रक्कम चकत्यांकडे वळवावी, आणि त्या खेळण्यांच्या दुकानातील पातळ, हलक्या घेऊ नयेत. त्या वाऱ्यात टिकत नाहीत, आणि मुलाने मनगटाची कसरत बरोबर करूनही त्या डगमगत जातात, मग तो पुन्हा खांद्याच्या जोरावर येतो.