हत्यार कंपनीचे, दस्तूर दुकानाचा

१ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. लागू झाला आणि बीडच्या कापड लाइनमधील लहानसहान दुकानांनाही हिशोब संगणकावर आणावा लागला. हे चांगलेच झाले. परंतु हिशोब संगणकावर आणणे ही एक गोष्ट आणि तो आपल्या ताब्यात ठेवणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्या व्यापारी बांधवांचे म्हणावे तसे लक्ष नाही, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

बाजारातून आणलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा कुठल्याही दुकानाला पुरत नाही. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. प्रोग्रॅम उधारी दाखवतो ती तीस, साठ, नव्वद दिवसांच्या हिशोबाने. आपली उधारी मात्र ऊसतोडीच्या हंगामावर चालते. दिवाळीच्या सुमारास मजूर कारखान्यांकडे निघतो आणि उन्हाळ्यात परततो. मधल्या काळात त्याच्या नावापुढे ‘थकीत’ असा लाल शेरा आला तर त्याला काय अर्थ? तसेच तागा आणि कटपीस यांचा हिशोब वेगळा, घाऊक आणि किरकोळ गिऱ्हाईकाचा वटाव वेगळा, चिठ्ठीवर खरेदीभाव लिहिण्याची प्रत्येक दुकानाची गुप्त अक्षरे वेगळी. हा दुकानाचा दस्तूर आहे. तो वाडवडिलांपासून चालत आला आहे आणि धंदा त्यावरच उभा आहे. तेव्हा आपण संगणकवाल्याला बोलावतो आणि प्रोग्रॅम आपल्या सोयीचा करून घेतो. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की हा बदल त्याने लिहिला कुठे?

याचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्यासोबत आलेल्या बिलाच्या नमुन्यातच खाडाखोड करायची. दुसरा, मूळ वस्तूला हात न लावता आपले बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे आणि प्रोग्रॅमला ती फाइल वाचायला सांगायची. पहिल्या दिवशी दोन्हींचे बिल सारखेच छापून येते. फरक कळतो तो नवी आवृत्ती आली म्हणजे. नवी आवृत्ती जुन्या फाइलींच्या जागी आपल्या फाइली ठेवते आणि त्यांत केलेली खाडाखोड पुसली जाते. मग दुकानदार धास्तावतो आणि ‘नवीन काही टाकूच नका’ म्हणत जुन्यावरच अडून बसतो. पण कायदा अडून बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांची जी.एस.टी.ची मर्यादा बदलली. पूर्वी नगामागे १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होते. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. ज्याच्या संगणकवाल्याने बिलाच्या नमुन्यातच ‘१,०००’ हा आकडा पक्का करून ठेवला असेल, त्याचे बिल त्या दिवसापासून चुकीचे. बाराशेच्या कुर्त्यावर गिऱ्हाईकाकडून जास्त कर घेतला जाईल आणि तीन हजारांच्या शेरवानीवर सरकारला कमी भरला जाईल. दोन्हीकडे जबाबदार आपणच.

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. बनारसचे नक्शाबंद कारीगर नक्शा दोऱ्यांत बांधून ठेवत. विणकराचा माग तोच राहायचा, नक्शा तेवढा बदलायचा. पुढे १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. मालेगाव-भिवंडीच्या कारीगराला जॅकार्ड काय ते सांगण्याची गरज नाही. डिझाइन बदलायचे तर पत्ते बदलायचे, मागाला करवत लावायची नाही. माग विकला तरी पत्ते मालकापाशी राहतात आणि तशाच दुसऱ्या मागावर चढतात. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पत्त्यांची युक्ती उचलली. म्हणजे संगणकाला हा धडा मागानेच दिला. तो आपण विसरावा, हे बरे नव्हे.

संगणकाचे जाणकार मात्र तो विसरलेले नाहीत. प्रोग्रॅम लिहिणारे लोक मजकूर संपादनासाठी ‘इमॅक्स’ नावाचे हत्यार वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जी.एन.यू. इमॅक्स’ १९८५ मध्ये दिले. ते वापरणारा आपल्या सवयीच्या सगळ्या सोयी स्वतःच्या घरच्या फोल्डरमधील एका फाइलीत लिहितो. इमॅक्सच्या किती आवृत्त्या आल्या, पण ती फाइल मालकाची ती मालकाचीच. आपल्या ओळखीच्या ‘वर्ड’मध्येही असेच आहे. आपण ठरवलेली अक्षरांची ठेवण, मॅक्रो, कळांच्या जोड्या या ‘नॉर्मल’ नावाच्या नमुना-फाइलीत राहतात आणि ती प्रोग्रॅमच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये असते. ‘एक्सेल’ची मॅक्रोसाठी ‘पर्सनल’ नावाची वही अशीच वेगळी. या दोन फाइलींची नक्कल काढून ठेवली तर नव्या संगणकावर तासाभरात जुनी बैठक बसते.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ‘टॅली’ आहे. गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये हे काम सुरू केले. व्यापाऱ्याच्या गरजेतूनच ते जन्मले. त्यात बदल करण्यासाठी टी.डी.एल. नावाची वेगळी भाषा आहे आणि तिच्यात लिहिलेली फाइल प्रोग्रॅमबाहेर कुठेही ठेवता येते. टॅलीप्राइममध्ये एफ-१ दाबून टी.डी.एल.च्या यादीत गेले की कोणत्या फाइली जोडल्या आहेत ते दिसते. तेथून त्या बंदही करता येतात. याचा मोठा फायदा असा, की काही अडले तर आपली फाइल बंद करून पाहावी. दोष गेला तर तो आपल्या फाइलीत, राहिला तर इतरत्र. नाहीतर कंपनी संगणकवाल्याकडे बोट दाखवते, संगणकवाला कंपनीकडे, आणि दुकानदार मधल्या मध्ये भरडला जातो.

आणखी एक पथ्य पाळावे. जे सरकारचे आहे, म्हणजे कराचे दर, मर्यादा, विवरणपत्रे, ते मूळ प्रोग्रॅमलाच करू द्यावे. आपल्या फाइलीत फक्त दुकानाचा दस्तूर असावा. जी सोय प्रोग्रॅममध्ये आधीच आहे ती पुन्हा लिहून घेऊ नये. फाइल जितकी लहान, तितकी ती नव्या आवृत्तीशी लवकर जुळते.

कोणी म्हणेल, यातले आपल्याला काय कळते, संगणकवाला जाणे! पण शिलाई येत नाही म्हणून शिंप्याला कापड मोजून देणे आपण सोडत नाही. काम सांगतानाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बदल वेगळ्या फाइलीत आहे ना? ती फाइल कुठे ठेवली? तिची वाचता येईल अशी मूळ प्रत आम्हाला देणार ना? कारण टॅलीची टी.सी.पी. ही बंद फाइल चालते, पण उघडून दुरुस्त करता येत नाही. नवी आवृत्ती आल्यावर बदल करावा लागला आणि मूळ प्रत नसेल, तर पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभे राहावे लागते. आणि चौथी गोष्ट, काय काय बदलले ते एका कागदावर लिहून देणार ना? मजुरी हे चारही मिळाल्यावरच चुकती करावी. मूळ प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, तिची आणखी एक नक्कल काढावी आणि कागदासह दुकानाच्या दस्तऐवजांत ठेवावी.

प्रोग्रॅम भाड्याच्या गाळ्यासारखा आहे. आज हा, उद्या दुसरा. गाळा सोडताना आपण फळ्या, गज आणि वजनकाटा आपल्यासोबत नेतो. तो ज्याने भिंतीत चिणून टाकला, त्याला तो मागेच ठेवून जावा लागतो.